मशिदीच्या विहिरीचा कौल

हुसेनचाचांचं नाव आधी लिहितो, बाकीचं मग. गेवराईच्या स्टँडवर भर उन्हात ते मला न्यायला आले नसते, आणि त्यांच्या घरच्या रहीमाचाचीने तीन दिवस माझ्या ताटात स्वतःच्या आधी वाढलं नसतं, तर हे लिहायला मी धड परतलो असतो की नाही, सांगता येत नाही. चाचा बीड जिल्ह्यात, वडवणी आणि दिंद्रुडच्या मधल्या एका गावात दूध संस्थेचे सेक्रेटरी आहेत. की होते म्हणू? ते पुढे येईलच. गावाचं नाव लिहीत नाही. लिहू का, असं गावाला विचारायचं राहून गेलं, आणि न विचारता काही करायचं नाही एवढं तरी मी तिथून शिकून आलो आहे.

माझं सांगायचं तर, मी दापोलीकडचा, खाडीकाठचा. नाव इब्राहिम. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. पुण्यात हडपसरला मोटर दुरुस्तीच्या एका दुकानात पुष्कळ वर्षं काम करतो. मालकांनी एक दिवस सांगितलं की तिकडच्या एका मशिदीच्या विहिरीवर मोटर बसवून यायची आहे, तूच जा, तुझ्याच लोकांत काम आहे. माझे लोक म्हणजे खाडीवरचे. नगरच्या पुढे मी आयुष्यात गेलो नव्हतो.

गेवराई, चुकून

बीडला उतरून वडवणीची गाडी धरायची, असं मालकांनी कागदावर लिहून दिलं होतं. नगर सोडल्यावर माझा डोळा लागला. उघडला तेव्हा बीड मागे पडलं होतं आणि कंडक्टर माझ्यावरच ओरडत होता. गेवराईला उतरलो. पायाशी गोणपाटात बांधलेली पाणबुडी मोटर, खांद्यावर वायरचं भेंडोळं. आमच्याकडे ऊन घामावाटे अंगातून निघून जातं. इथे घामच येईना; ऊन आत जाऊन बसत होतं. रस्त्याने वाळूचे ट्रक एकामागून एक चालले होते. गोदावरी जवळच आहे म्हणे. मला तिची वाळू तेवढी दिसली.

फोन लावला तेव्हा माझी जीभ कोरडी पडली होती. ज्या माणसाने मला पाहिलंही नाही त्याचा दिवस मी वाया घालवला, म्हणून मी आधी माफीच मागायला लागलो. तिकडून आवाज आला, "सावलीत बसा मिस्त्री. पाणी प्या. हलू नका. निघालोच मी."

दीड-दोन तासांनी ते आले. दुधाचे कॅन अडकवायला दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या असलेली मोटारसायकल, पांढरी दाढी, गळ्यात दस्ती, म्हणजे मोठा रुमाल. मला वाटलं, आधी मोटर बघतील. त्यांनी माझं तोंड बघितलं, काही न बोलता दस्ती पाण्यात भिजवली आणि माझ्या डोक्याला बांधली. मग एका कडीला मोटर लटकावली, दुसऱ्या कडीला वजन सारखं राहावं म्हणून पाण्याने भरलेला कॅन, आणि मधे मी.

वाटेत रानं नुसती नांगरून पडलेली. कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या तेवढ्या उभ्या. एका माळावर चारा छावणी लागली. पाचटाच्या सावलीत जनावरं ओळीने बांधलेली, आणि त्यांच्याजवळ माणसंही संसार मांडून बसलेली. ऊस तोडायला गेलेले बरेच जण नुकतेच परतले होते आणि घराकडे न जाता थेट जनावरांजवळच येऊन राहिले होते. चाचा गाडी चालवता चालवता निम्म्या लोकांना नावाने हाक मारत होते, आणि ते लोक "चाचा, पाहुणा कुठला धरला?" म्हणून विचारत होते. कुणी पाटील, कुणी वंजारी, कुणी आपल्यातला. आमच्या गावात मला नावाने हाक मारणारी माणसं बोटांवर मोजावीत. माझ्या पोटातला हेवा तिथून सुरू झाला. पुढचे तीन दिवस तो हललाच नाही.

चाचीच्या घरी

पोचलो तो मला चक्कर आली. रहीमाचाचीने कांदा ठेचून माझ्या तळपायांना चोळला, कैरीचं पन्हं गूळ घालून पाजलं, आणि संध्याकाळी उठून बसल्यावर डाळीचा दालचा आणि बगारा भात पुढे ठेवला. आमच्याकडे भात म्हटला की नारळ आणि मासा. हा भात मसाल्याच्या वासाने आधी नाकात शिरला. दालच्यात दुधी भोपळा होता, तो कुठून आणला विचारलं तर चाची म्हणाली, भांडी धुतल्याचं पाणी एका वेलाला घालते.

ती दोघं आपसात उर्दू बोलत, त्यांची ती दख्खनी, हौ-नक्कोवाली. मी उत्तर मराठीत देई. चाचीला याची फार गंमत वाटली. "मुसलमान हायेत ना तुमी? मग पुस्तकातल्यावानी मराठी कावून बोलतात?"

मी म्हणालो, आमच्याकडे घरात मराठीच. माझ्या आईने दुवेचा अर्थसुद्धा मला मराठीतच शिकवला. त्यावर चाची म्हणाली की हे बरं हाय, समजून तरी मागता. पण मला त्यांचाच हेवा वाटत होता. नमाजेत अरबी, चुलीपाशी उर्दू, दुधाच्या डेअरीत मराठी. चपला बदलाव्यात तशी ही माणसं भाषा बदलत होती.

जेवताना चाचांनी सगळी हकीकत सांगितली. नदी आटलेली, गावची बोअर आटलेली, टँकर आला तर आला. पाणी उरलं होतं ते मशिदीच्या विहिरीत. कुणा पूर्वजाने ती वजूसाठी, नमाजेआधी हातपाय धुवायला, वक्फ म्हणजे कायमची दान केलेली. पिण्याच्या पाण्याला मात्र तिथे सगळं गाव येत होतं, मुसलमान, हिंदू, दर घराला दोन घागरी. प्रश्न दूध संस्थेचा होता. कॅन धुवायला पाणी नाही, न धुतलेल्या कॅनमधलं दूध नासतं, आणि दूध नेणाऱ्यांनी सांगितलं होतं की या महिन्यात पाण्याची सोय करा, नाहीतर गावातलं संकलन बंद, दूध दिंद्रुडला आणून घाला. ज्या बाईची एकच म्हैस आहे ती रोज तांब्याभर दूध घेऊन दिंद्रुडला कशी जाणार? चाचांनी ही संस्था दारोदार फिरून उभी केलेली. म्हणून मोटर.

"आता मत तेवढं घ्यायचं राहिलं," चाचा म्हणाले.

मी घास हातात धरून थांबलो. मला वाटलं होतं, ठरलं असेल म्हणूनच मला बोलावलंय.

"मोटर बगितल्याबिगर मत कसं देतील लोक? शुक्रवारी मशिदीची जमात बसंल. होय म्हणले तर बसवा, न्हाई म्हणले तर घेऊन जा. कायबी ठरलं तरी तुमची मजुरी हाय."

मजुरीचा विचार माझ्या मनात नव्हताच. आमच्या गावात मशिदीची किल्ली एका घरात असते. त्या घराचा आजा मुतवल्ली, म्हणजे मशिदीचा कारभारी, होता, मग बाप, आता मुलगा. माझे बाबा होडीवर काम करणारे, कमी बोलणारे. एका जुम्याला, म्हणजे शुक्रवारी, नमाज झाल्यावर ते उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, या साली मुतवल्ली कोण ते जमातीला विचारूया. मुतवल्ली म्हणाले, "दीनमध्ये मत नसतं रशीद, हुकूम असतो." त्या दिवसापासून आमच्या घरी जमातीचं आवतण बंद झालं. होडीवर कोणी घेईना. माझी शाळा त्याच पावसाळ्यात सुटली. बहिणीच्या निकाहाला आम्ही घरचे आणि मुलाकडचे एवढेच. बाबांच्या मयतीला मात्र सगळे आले, कारण मेलेला माणूस काही विचारत नाही.

मी त्या वेळी लहान होतो आणि मुतवल्लींचं बोलणं मला खरंच वाटलं होतं. पुढे पुण्यात दुकानातला टीव्ही चालू असायचा आणि त्यात मोठमोठी माणसं भांडायची, मुसलमानांना लोकशाही जमते का म्हणून. मी मान खाली घालून वायर गुंडाळत राहायचो. मनात म्हणायचो, नसेल जमत. आमच्याकडे तर नाही जमली.

खडूच्या खुणा

दुसऱ्या दिवशी मोटर तात्पुरती सोडली. डेअरीतून वायर आणली, पाणी मशिदीच्या वजूच्या हौदात घेतलं, म्हणजे वाया जायला नको. विहिरीच्या आतल्या दगडांवर मी खडूने खुणा केल्या. पाऊण तासात पाणी दोन हात खाली गेलं. मोटर बंद केली आणि पाणी चढायची वाट बघत बसलो.

डेअरीच्या ओट्यावर संस्थेचे चेअरमन राधाकिसनभाऊ चहा घेऊन आले. जाड मिशा, पांढरी टोपी, बोलणं तिरकस. मी त्यांना विचारलं, मशिदीच्या विहिरीचं मत घेणार म्हणजे नक्की कसं घेणार? ते म्हणाले, "तुमच्यातलं बरं हाय मिस्त्री. आमच्या साखर कारखान्यावर बगा. कायद्यानं निवडणूक हाय, पेट्या हायेत, साहेब येतो, सगळं हाय. पण आजा चेअरमन, मग पोरगा, आता नातू. मी एकदा अर्ज भरलता. रातीतून आमच्या अंगणात चार गाड्या येऊन उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या. कोणी शिवीबी दिली न्हाई. सकाळी अर्ज काढला."

मग ते मशिदीच्या पायरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याकडे बघून म्हणाले, "आन इथं हा जब्बारमामू हुसेनचाचाला तोंडावर खोटारडा म्हणतो, आन दोघं एकाच तंबाखूच्या डबीतनं खातेत. मला तर जळायला होतं."

मला हसू आलं. जळणारा मी एकटाच नव्हतो.

संध्याकाळी खुणा बघितल्या. चार बोटं पाणी चढलं होतं. पहाटे फजरच्या वेळी पुन्हा बघितलं. अजून हात-दीड हात भरायचं बाकीच. झरा बारीक होता. रोज मोटर लावली तर आठ दिवसांत विहिरीचा तळ दिसणार आणि मग दोन घागरींचंही पाणी जाणार. हे मला तिथेच, काठावर वाकल्या वाकल्या कळलं. आणि मी ते चाचांना सांगितलं नाही. ते मागून आले, विचारलं, काय म्हणतीय विहीर? मी म्हणालो, बघतोय अजून. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, चला, चाचीनं धपाटे टाकलेत. धपाटे तव्यावरून थेट ताटात येत होते, वर लोण्याचा गोळा. तो घास गिळताना मला जो त्रास झाला तो अजून आठवतो. ज्या माणसाने माझ्या डोक्याला ओली दस्ती बांधली त्याचं वर्षानुवर्षांचं काम माझ्या एका वाक्याने बुडणार होतं.

शुक्रवार

जुम्याची नमाज झाली आणि जमात मशिदीत न बसता बाहेर विहिरीजवळच्या लिंबाखाली बसली, म्हणजे बायांनाही येता यावं. हे मौलवीसाबांनी ठरवलं होतं. मौलवी वयाने माझ्याएवढे, बोलायला हळू. त्यांनी आदल्या जुम्यालाच विचारलं होतं म्हणे की पाणी ओढतं कोण? बाया, असं उत्तर आलं. मग बायांचंही मत असेल, असं त्यांनी ठरवलं. जब्बारमामू कुरकुरले होते, आता बायाबी का? त्यावर चाची म्हणाली होती, मामू, मग उद्यापासून घागरी घेऊन तुमीच या. विषय तिथेच संपला होता. संस्थेचे हिंदू सभासदही एका बाजूला येऊन बसले. मत द्यायला नव्हे, ऐकायला.

यांची मताची रीत अशी. वजूचे तोटीचे दोन मातीचे बधने चादरीच्या आड ठेवायचे, एकाच्या गळ्याला वायरचा तुकडा बांधलेला, म्हणजे मोटर. दुसऱ्याच्या गळ्याला सुंभ, म्हणजे दोरी. प्रत्येकाला एक चिंचोका द्यायचा. आत जाऊन ज्याला ज्यात टाकायचा त्यात टाकावा. मशिदीचा मुतवल्ली निवडायचा असला तरी हेच.

चिंचोके जब्बारमामूंच्या घरून आले. मामू दोरीच्या बाजूचे म्होरके, शेळ्या राखणारे, सत्तरीचे, आवाज मात्र तिशीचा. चिंचोके वाटून झाले आणि बोलणी सुरू झाली.

मामू म्हणाले, ज्याने विहीर दिली त्याने वजूसाठी दिली, मोटरीसाठी नव्हे. चाचा म्हणाले, त्याने भोंग्यासाठीबी मशीद दिली नव्हती, तरी मामू रोज भोंग्यावरची अजान ऐकूनच उठतेत. लोक हसले. मग मामू जरा पुढे सरकून बसले.

"हे बग हुसेन, मोटरीला लाज नसती. दोरी ओढणाऱ्याचे हात दुखतेत, म्हणून तो थांबतो."

"हात कोणाचे दुखतेत मामू? बायांचे. तुमचे कधी दुखले?"

बायांच्या बाजूने मोठा हशा झाला. मामूही हसले, पण हटले नाहीत. अर्धा तास असाच गेला. एकाने उठून विचारलं, आपण मत घेऊन हा प्रश्न सोडवायचा, तर उद्या कुणी म्हणेल हिंदूंच्या दोन घागरी बंद करायच्या का यावरही मत घ्या. तेव्हा मौलवीसाब बोलले. तहानलेल्याला पाणी द्यायचं की नाही हे आपल्या हातात ठेवलेलंच नाही, म्हणाले. त्यावर मत होत नाही, अख्ख्या गावाने हात वर केले तरी होत नाही. पण पाणी कशाने काढायचं, किती काढायचं, कुणी राखायचं, हे अल्लाने सांगून ठेवलेलं नाही. त्यासाठी आपल्याला तोंडं दिली आहेत. एका लढाईच्या आधी पैगंबरांचं स्वतःचं मत शहरात राहून लढायचं होतं. बहुतेकांचं मत बाहेर जायचं पडलं. ते बाहेर गेले. आणि ती लढाई जड गेली, माणसं गेली.

"तरी त्यानंतर अल्लाचा हुकूम काय आला?" मौलवीसाबांनी विचारलं. "की यांना विचारत जाऊ नका? न्हाई. की यांना विचारत जा."

मी ऐकत होतो आणि माझी कानशिलं तापत होती. हा हुकूम आमच्या गावातल्या कुराणाच्या प्रतीतही असणार. आमच्या मुतवल्लींच्या घरी ती मखमलीच्या कापडात, उंच फळीवर असते. पुस्तक एकच, आणि माझ्या बाबांच्या वाट्याला त्यातली ही ओळ आली नाही.

मग मौलवीसाबांनी चिंचोके हातात घ्यायला सांगितलं, आणि एक गोंधळ झाला. मामूंच्या घरून आलेले चिंचोके भाजलेले होते. बोलता बोलता निम्म्या लोकांनी आपापला चिंचोका फोडून खाल्ला होता. कुणी गालात धरून बसलं होतं. मौलवीसाबांनीही तोंडातून एक बाहेर काढला आणि त्याच्याकडे लाजून बघितलं. मामूंवर सगळे तुटून पडले की हे मुद्दाम केलं, आणि मामू शपथा घ्यायला लागले की भाजलेले कुठले आन कच्चे कुठले हे सुनेला सांगायचं राहिलं. शेवटी चाचीच्या माळवदावर चिंच वाळत घातली होती, ती आणली. सगळे बसून बिया काढायला लागले. राधाकिसनभाऊही काढायला लागले. त्या रिकाम्या वेळात मामू म्हणाले, "मिस्त्रीला विचारा की. त्यो कोणाचाच न्हाई."

मी हातातली बी खाली ठेवली. चाचा लगेच म्हणाले, विचारा, माझ्याच घरचा पाहुणा हाय, माझ्यासमोरच विचारा.

मी उभा राहिलो. जमातीत उभं राहायची माझी ती पहिली वेळ. मी म्हणालो, मोटर चांगली आहे, तीन एचपीची आहे, पाणी ओढेल. मग म्हणालो, झरा बारीक आहे, पण वेळ ठरवून चालवली तर बघता येईल. खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं. लोक माना हलवत होते. चाचांच्या चेहऱ्यावर उजेड आला. तो उजेड मी आणला होता आणि तो मला बघवेना.

तेवढ्यात बायांच्या बाजूने रहीमाचाची बोलली. "मिस्त्री, तुमच्या घरची विहीर असती तर बसवली असती का?"

मी तिच्याकडे बघितलं. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि वाट बघत राहिली.

"नाही," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. खडूच्या खुणा, पाऊण तासात दोन हात, रात्रभरात किती भरलं ते, आठ दिवसांचा हिशेब. चाचांकडे न बघता सांगितलं. संपलं तेव्हा मौलवीसाबांनी कच्चे चिंचोके वाटायला लावले.

चिंचोके पडायला लागले. चादरीआड मातीत टक टक आवाज. पुरुष, मग बाया. एक म्हातारी आत गेली ती बाहेरच येईना. तिला कुठला बधना कुठला ते दिसत नव्हतं, म्हणून तिने गळ्यांना हात लावून वायर आणि सुंभ चाचपला आणि मग टाकला म्हणे. मोजायला मला बसवलं. माझ्यावर विश्वास म्हणून नव्हे, मी परका म्हणून, पण मला तो मानच वाटला.

मोटरीच्या बधन्यात एकोणतीस, दोरीच्या बधन्यात चौपन्न.

मी पुन्हा मोजायला लागलो. चाचांनी माझ्या हातावर हात ठेवला. "राहू द्या. परत कावून मोजायलात? पडलो मी. तुमी न्हाई."

त्या संध्याकाळी जेवताना चाचीने आपणहून सांगितलं की तिने दोरीला टाकला. चाचा म्हणाले, मला माहीत होतं. ती म्हणाली, कसं? ते म्हणाले, तुमी प्रश्न विचारला तवाच. त्यांनी दालच्याची वाटी तिच्याकडे सरकवली आणि दोघंही हसली. माझे बाबा-आई असे कधी हसलेले मी बघितले असतील, पण कशावर, ते आठवत नाही.

दोरी

सकाळी मी मोटर परत गोणपाटात बांधली. डेअरीवर दूध नेणाऱ्यांची गाडी आली. चाचांनी कॅन धुतलेले नाहीत हे स्वतःच सांगितलं. फॅट मोजायचं यंत्र, वह्या, कुलूप, सगळं त्यांच्या ताब्यात दिलं. संकलन बंद. पाऊस पडेपर्यंत म्हणाले, पण गेलेली गाडी परत वळते का हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एकच म्हैस असलेली एक बाई दुधाची चरवी घेऊन ओट्यावर उभी होती. राधाकिसनभाऊ दुसरीकडे बघत राहिले. चाचांनी तिची चरवी आपल्या मोटारसायकलच्या कडीला अडकवली आणि म्हणाले, दिंद्रुडला मी रोज जातोच आता. मग दुसऱ्या कडीला जब्बारमामू आपली चरवी अडकवायला आले. चाचा म्हणाले, मामू, ओझं वाढलं तर गाडीला लाज नसती, पण मला हाय. मामू म्हणाले, गप बे, चालव.

तिथून चाचा मला घेऊन विहिरीवर गेले. बाया रांगेत होत्या. चाचांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या, दोर धरला आणि ओढायला लागले. दोन-तीन पोहऱ्यांत त्यांना धाप लागली. मी म्हणालो, चाचा, मी ओढतो. ते म्हणाले, तुमी पाहुणे.

मला राहवेना. विचारलं, माझा राग नाही आला?

त्यांनी पोहरा काठावर टेकवला. "राग कावून येईल? मला विचारलं की लोकांनी. दोनदा बोलू दिलं. हरलो. दोरी ठरली तर दोरी ओढायची. पुढल्या साली झरा बरा निघाला तर परत विचारीन. तवाबी हरलो तर तवाबी ओढीन."

आणि ते परत ओढायला लागले.

मला आयुष्यात पुष्कळांचा हेवा वाटला आहे. शिकलेल्यांचा, दुकानमालकाचा, ज्यांच्या बहिणीच्या निकाहाला मांडव भरला त्यांचा. पण त्या सकाळी घामाघूम होऊन, आपण हरलेल्या ठरावाचं पाणी ओढणाऱ्या म्हाताऱ्याचा जो हेवा वाटला तसा कधी वाटला नाही. माझ्या बाबांना जिंकायचं नव्हतं. त्यांना एवढंच हवं होतं. उभं राहून विचारायचं, लोकांनी ऐकायचं, मोजायचं, आणि मग पडायचं. त्यांना पडायलासुद्धा मिळालं नाही. बोलले आणि संपले.

इस्लाम आणि लोकशाही जमतात का, हे मोठ्या लोकांनी ठरवावं. माझी सातवी झालेली नाही नीट. मी दोन गावं बघितली, एक खाडीकाठचं, एक दुष्काळातलं. दोन्हीकडे अजान एकच, किताब एकच. एका ठिकाणी माणसाला विचारतात, एका ठिकाणी विचारणाऱ्याला वाळीत टाकतात. राधाकिसनभाऊंच्या कारखान्याचं ऐकल्यावर तर मला असंही वाटायला लागलं की किल्ली ज्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या राहते, तो कुठल्याही धर्माचा असला तरी बोलतो सारखाच. आणि दुसरंही वाटतं, तेही लिहायला हवं. त्या मतामुळे संकलन बंद पडलं. एखाद्या हुकूम चालवणाऱ्या मुतवल्लीने कदाचित दोन्ही सांभाळलं असतं, कोण जाणे. मत घेतलं म्हणून त्या बाईची म्हैस वाचली असं काही मी म्हणणार नाही.

चाचांनी मला वडवणीला गाडीत बसवलं, मोटर सीटखाली सरकवली, चाचीने दिलेली धपाट्यांची पुरचुंडी मांडीवर ठेवली आणि खिडकीतून सांगितलं, "झोपू नका बीडपतोर." मी हसलो, आणि गाडी सुटल्यावर बराच वेळ डोळे पुसत राहिलो. कृतज्ञता म्हणावी तर ती होतीच. पण त्यात जळणंही होतं, ते कसं लपवू?

चाचा, तुमचं ऋण मी कशाने फेडणार? माझ्याकडे एकच गोष्ट आहे आणि ती अजून माझ्याही हातात नाही. कधीतरी, या नाहीतर पुढच्या साली, गावी जाईन. जुम्याची नमाज संपेल, लोक चपला शोधत असतील, तेव्हा मी उभा राहीन आणि बाबांनी विचारलं होतं तेच विचारीन. बहुतेक मला वाळीत टाकतील. पण जर जमात बसली, जर खरंच मोजलं गेलं, तर मी पडेन, मोठ्या फरकाने पडेन. आणि त्याच दुपारी तुम्हाला फोन लावून सांगेन, चाचा, मला विचारलं, मी हरलो.